छातीतील पाण्याची सोनोग्राफी एका गावी आणि सुई दुसऱ्या गावी: ही पद्धत कितपत सुरक्षित आहे?

प्रश्न: वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय (नंदुरबार जिल्हा)

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ग्रामीण रुग्णालयात मी एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करतो. छातीत पाणी झालेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. त्यांतले बरेचसे तरुण असतात. दोन-तीन आठवड्यांचा ताप, एका कुशीत दुखणे आणि चढ चढताना दम लागणे अशी तक्रार असते आणि एक्स-रेमध्ये एका बाजूचा खालचा भाग पांढरा दिसतो. रुग्णालयात सोनोग्राफी यंत्र आहे, परंतु ठरावीक दिवशी येणारे तज्ज्ञच ते गरोदर मातांच्या तपासणीसाठी वापरतात. त्यामुळे छातीच्या सोनोग्राफीसाठी रुग्णाला शहरात पाठवावे लागते. तो दुसऱ्या दिवशी जीपने परत येतो तेव्हा त्याच्या पाठीवर पेनाने केलेली फुली असते आणि हातातल्या अहवालात ‘डाव्या बाजूस मध्यम प्रमाणात द्रव, अंदाजे ६०० मिली, जागेवर खूण केली आहे’ अशा अर्थाचा मजकूर असतो. त्या फुलीवर सुई घालून आम्ही पाणी काढतो. बहुतेकदा पाणी येते, काही वेळा सिरिंज कोरडीच राहते.

या फुलीवर किती विसंबावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याचबरोबर, अहवालात ६०० मिली लिहिले असेल तर तेवढे सगळे काढण्याचा आग्रह धरावा का, कोणत्या रुग्णाचे पाणी मुळीच काढू नये, आणि आमच्याच रुग्णालयातील यंत्र छातीसाठी वापरायचे झाल्यास गर्भलिंगनिदान कायद्याची अडचण येते का, याविषयीही अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: छातीविकारतज्ज्ञ, धुळे

आपल्या पहिल्याच शंकेत बाकीच्या बऱ्याच शंकांचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. दुसऱ्या गावी केलेली फुली पाहून सुई घालणे याला सोनोग्राफीच्या साहाय्याने पाणी काढणे म्हणता येणार नाही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पाणी फार मोठ्या प्रमाणात असल्याचा अपवाद सोडला, तर आधी खूण करून नंतर दुसरीकडे सुई घालण्याची शिफारस केलेली नाही. कारण साधे आहे. फुली त्वचेवर असते आणि त्वचा बरगडीवर सरकते. सोनोग्राफीच्या वेळी रुग्णाने हात डोक्यावर घेतला असेल आणि तुमच्यासमोर तो हात टेबलावर टेकून बसला असेल, तर तीच फुली वेगळ्या बरगडीवर येऊ शकते. शिवाय मोकळे पाणी सखल भागाकडे जाते. कुशीवर झोपवून पाहिलेले पाणी आणि बसवल्यावरचे पाणी एकाच जागी नसते. बसणे, झोपणे आणि श्वास घेणे यांबरोबर श्वासपटलही (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) वर-खाली होते, आणि श्वासपटलाच्या खाली उजवीकडे यकृत, तर डावीकडे प्लीहा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. गरोदर मातांच्या पोटावर फिरवला जाणारा वक्राकार प्रोब, साधारण २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा, छातीतील पाण्यासाठी योग्य असतो. रुग्णाला खाटेच्या कडेला बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवावी आणि तिच्यावर त्याचे हात टेकवावेत. प्रोब काखेच्या मागच्या रेषेत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, उभा धरून वर सरकवत न्यावा. सर्वांत आधी श्वासपटल शोधावे. ते स्पष्ट दिसल्याशिवाय सुई हातात घेऊ नये, हा माझ्याकडे शिकणाऱ्यांसाठी नियमच आहे. श्वासपटलाच्या वर काळा, प्रतिध्वनी नसलेला भाग दिसला आणि त्यात फुप्फुसाची कडा श्वासाबरोबर हलताना दिसली, तर ते पाणी समजावे. एरवी फुप्फुसातील हवेमुळे श्वासपटलाच्या वरचा पाठीचा कणा पडद्यावर दिसत नाही. पाणी असेल तर मात्र ध्वनिलहरींना वाट मिळते आणि कण्याची रेषा श्वासपटल ओलांडून वरपर्यंत दिसत राहते. ही खूण नवशिक्यालाही लवकर जमते.

सुईची जागा ठरवताना पूर्ण श्वास घेतलेला असताना आणि सोडलेला असताना, अशा दोन्ही वेळी तिथे किमान १ सेंटिमीटर पाणी दिसले पाहिजे. पाठीच्या कण्याजवळ जाऊ नये. तिथे बरगड्यांमधली रोहिणी बरगडीच्या आडोशाला नसते, आणि वृद्धांमध्ये तर ती नागमोडी होऊन मधल्या जागेत उतरलेली असते. कण्यापासून दूर, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून सुई घालावी. त्वचेपासून पाण्यापर्यंतची खोली पडद्यावर मोजून घ्यावी आणि प्रोब ज्या कोनात धरला होता त्याच कोनात सुई न्यावी. पाहणे आणि टोचणे यांच्यामध्ये रुग्णाला हलू देऊ नये. एवढे पाळले, तर फुली आपोआपच अनावश्यक ठरते.

आता पाणी किती काढावे याविषयी. निदानासाठी ५० मिली नमुना पुरेसा असतो. त्याहून अधिक पाणी दम कमी करण्यासाठी काढायचे असते आणि एका बैठकीत १.५ लिटरवर थांबावे. त्याआधीच खोकल्याची उबळ आली किंवा छाती आवळल्यासारखी वाटू लागली, तर तिथेच थांबावे. दीर्घकाळ दबलेले फुप्फुस झपाट्याने फुगले तर त्यातच सूज येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. शेवटी प्रोब पुन्हा छातीवर ठेवून फुप्फुसाच्या आवरणाचे सरकणे दिसते का ते पाहावे. ते दिसत असेल आणि रुग्णाला त्रास नसेल, तर त्या जागी हवा शिरलेली नाही असे मानता येते.

पाणी काढूच नये असे रुग्णही असतात. दोन्ही बाजूंना सारखेच पाणी, पायांवर सूज, झोपल्यावर वाढणारा दम आणि फुप्फुसावर उभ्या चकाकत्या रेषा दिसत असतील, तर ते बहुधा हृदयाच्या दुर्बलतेचे पाणी असते. तिथे आधी लघवीचे औषध द्यावे. ताप असेल, पाणी एकाच बाजूला असेल किंवा औषधाने ते कमी होत नसेल, तरच सुईचा विचार करावा. आपण वर्णन केलेल्या तरुण रुग्णांमध्ये मात्र नमुना घेतलाच पाहिजे, कारण आपल्या देशात अशा पाण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण क्षयरोग आहे. पाणी नुसते झिरपलेले आहे की दाहाचे, हे ठरवण्यासाठी पाण्यातील प्रथिने आणि एलडीएच (एक विकर) यांची रक्ताशी तुलना करण्याचे लाइट यांचे १९७२ चे निकष आजही वापरात आहेत. पेशींमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) अधिक आणि एडीए हे विकर ४० युनिटच्या वर, असे चित्र असेल तर क्षयरोगाची शक्यता बळावते. पाण्यातील सीबीनॅट चाचणी (क्षयजंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) नकारात्मक आली म्हणून क्षयरोग नाही असे समजू नये, कारण या पाण्यात जंतू फार थोडे असतात. क्षयरोगाचे पाणी औषधांनी ओसरते. ते वारंवार उपसण्याची गरज नसते.

उत्तर: जनरल प्रॅक्टिशनर, अमळनेर

धुळ्याच्या डॉक्टरसाहेबांनी सविस्तर लिहिले, त्याबद्दल आभार. तरीही एक गोष्ट मांडावीशी वाटते. मी ज्या काळात शिकलो त्या काळात तालुक्याला सोनोग्राफी नव्हती आणि ‘दम लागस, पानी काढी टाका’ म्हणत आलेल्या माणसाला आम्ही बोटाने ठोकून पाहत असू. मद्याची पिंपे ठोकून आतली पातळी ओळखतात, तशी छाती ठोकून आतले पाणी ओळखावे, ही रीत व्हिएन्नाच्या औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती अजून खोटी ठरलेली नाही. निम्म्या पाठीपर्यंत बद्द आवाज येत असेल, त्या भागात श्वासाचा आवाज आणि बोलण्याची थरथर लागत नसेल आणि एक्स-रेही तेच सांगत असेल, तर खांद्याच्या फऱ्याच्या टोकाखालची जागा निवडायला यंत्र कशाला हवे? ज्याच्याजवळ शहरापर्यंतच्या भाड्याचे पैसे नाहीत, त्याला केवळ नियम म्हणून परत पाठवणे मला पटत नाही. तरुण डॉक्टर रुग्णाच्या छातीला हात न लावता थेट प्रोब ठेवतात, हीही मला खंतीची बाब वाटते.

उत्तर: छातीविकारतज्ज्ञ, धुळे

आबा, हात लावण्याविषयी आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. प्रोब कुठे ठेवायचा हे शेवटी बोटच सांगते. पाणी प्रचंड असेल आणि रुग्णाचा जीव घाबरा झाला असेल, तर यंत्राची वाट पाहत बसा, असेही मी म्हणणार नाही. मात्र मध्यम आणि कमी पाण्याच्या बाबतीत आकडे ठोकण्याच्या बाजूने नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांना हाताने तपासून आणि एक्स-रे पाहून सुईची जागा ठरवण्यास सांगितले आणि नंतर तीच जागा सोनोग्राफीने पडताळली. सुमारे १५ टक्के जागा चुकीच्या निघाल्या आणि सुमारे १० टक्के ठिकाणी सुई एखाद्या अवयवात गेली असती. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात पाणी काढल्यानंतर छातीत हवा शिरण्याचे प्रमाण एकूण ६ टक्के आढळले आणि सोनोग्राफी वापरलेल्यांमध्ये हा धोका बराच कमी होता.

आपल्या भागापुरते बोलायचे, तर माझी खरी भीती उजव्या बाजूची आहे. यकृतात अमिबाचा गळू झाला की उजवे श्वासपटल वर ढकलले जाते. तापही असतो, बरगडीखाली दुखतेही, ठोकल्यावर बद्दही वाजते आणि एक्स-रेमध्ये खालचा भाग पांढराही दिसतो. थोडे पाणी वर जमलेलेही असू शकते. दारू पिणाऱ्या पुरुषांमध्ये हे विशेष आढळते. गळू आणि छातीतील पाणी यांतला फरक बोटाला आणि एक्स-रेला कळत नाही. प्रोबला श्वासपटल कुठे आहे आणि त्याच्या खाली काय आहे हे चटकन दिसते. फऱ्याखालची ठरलेली सुई अशा रुग्णात यकृतात जाईल.

उत्तर: क्ष-किरणतज्ज्ञ, जळगाव

फुली करणाऱ्यांच्या बाजूनेही थोडे लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा ‘सोनोग्राफी छाती, जागेवर खूण करावी’ एवढेच लिहिलेले असते. कोणती शंका आहे, ताप किती दिवसांचा आहे, क्षयरोगाची औषधे सुरू आहेत का, यांपैकी काहीच कळत नाही. मागितले ते आम्ही देतो. यापुढे चिठ्ठीत खुणेऐवजी ‘पाण्याचे स्वरूप, पडदे, आवरणाची जाडी, श्वासपटलाखालील अवयव’ असे लिहून पाठवल्यास अहवाल कितीतरी उपयोगी होईल.

अहवालातील मिलीलिटरचा आकडा गंभीरपणे घेऊ नये. जे सूत्र सर्रास वापरले जाते त्यानुसार छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्यामधील सर्वाधिक अंतर मिलीमीटरमध्ये मोजून त्याला २० ने गुणतात. म्हणजे ३० मिलीमीटर अंतर असेल, तर ६०० मिली. परंतु हे सूत्र अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर उताण्या झोपलेल्या, धड सुमारे १५ अंश उचललेल्या रुग्णांवरून काढलेले आहे. बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या माणसाला ते जसेच्या तसे लावले, तर आकडा मिळतो, अचूकता मिळत नाही. ‘थोडे’, ‘मध्यम’, ‘पुष्कळ’ हे शब्द आणि पाणी किती बरगड्यांच्या जागांमध्ये पसरले आहे याची नोंद मला अधिक प्रामाणिक वाटते. दोन भेटींमधील बदल पाहायचा असेल, तर एकाच स्थितीत आणि एकाच जागी घेतलेल्या मापांची तुलना करावी.

प्रमाणापेक्षा स्वरूपाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सांगेन. पाणी पूर्ण काळे दिसत असेल, तर ते हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचे असू शकते. मात्र क्षयरोगाचे आणि कर्करोगाचे पाणीही तसे दिसू शकते, त्यामुळे केवळ काळेपणावरून निर्धास्त होऊ नये. उलट, आत तरंगणारे कण, जाळीसारखे पडदे किंवा सर्वत्र एकसारखा करडेपणा दिसला, तर ते साध्या झिरपण्याचे पाणी नव्हे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. करडेपणा असेल, तर पू किंवा रक्ताचा विचार आधी करावा. पडदे सीटी स्कॅनपेक्षा सोनोग्राफीत अधिक चांगले दिसतात, हे अनेकांना ठाऊक नसते आणि रुग्णाला उगाचच महागडी तपासणी सांगितली जाते. आवरणाची जाडी १० मिलीमीटरहून अधिक, श्वासपटलाची ७ मिलीमीटरहून अधिक किंवा त्यांवर गाठी दिसत असतील, तर कर्करोगाचा संशय घेऊन रुग्णाला पुढे पाठवावे.

कोरड्या सिरिंजचे कारणही अनेकदा इथेच सापडते. जाड झालेले आवरण काळपट दिसते आणि पाण्याचा भास होतो. खरे पाणी श्वासाबरोबर आकार बदलते, त्यातील कण फिरतात. जाड आवरण तसेच राहते. न्यूमोनियाने घट्ट झालेले फुप्फुसही यकृतासारखे भरीव दिसते, परंतु त्यात श्वासनलिकांमधील हवेच्या पांढऱ्या रेषा चमकतात. शंका असल्यास रंगीत डॉपलर लावून पाहावे. मोकळ्या पाण्यात श्वास आणि हृदयाच्या हालचालीबरोबर रंग उमटतो, जाड आवरणात उमटत नाही.

उत्तर: निवृत्त आरोग्य अधिकारी, नंदुरबार

कायद्यासंबंधी लिहितो. १९९४ चा गर्भधारणापूर्व व प्रसूतिपूर्व निदान तंत्र कायदा, म्हणजेच आपण म्हणता तो गर्भलिंगनिदान कायदा, यंत्राला लागू होतो, ते शरीराच्या कोणत्या भागावर ठेवले यावर तो अवलंबून नाही. त्यामुळे ‘आम्ही फक्त छाती पाहतो’ असे म्हणून बिगर नोंदणीचे यंत्र आणता येत नाही. तळहातावर मावणारे, मोबाइलला जोडायचे प्रोब हल्ली ऑनलाइन दिसतात; त्यांच्याही मोहात पडू नये. २०१२ च्या दुरुस्तीनुसार उचलून नेता येण्याजोगे यंत्र नोंदणी झालेल्या आवाराच्या आतच, तिथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी वापरता येते. दुसरी मुभा आहे ती इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाला. एका आवारातले यंत्र पिशवीत घालून दुसऱ्या गावी नेणे हा त्या डॉक्टरसाठी मोठा धोका आहे.

आपल्या बाबतीत मात्र यंत्र आधीच नोंदलेले आहे, त्यामुळे अर्धे काम झालेले आहे. प्रश्न उरतो तो यंत्र चालवणाऱ्याचा. एमबीबीएस डॉक्टरला २०१४ च्या नियमांनुसार सहा महिन्यांचे प्रशिक्षण आवश्यक आहे. ते पूर्ण करून आपले नाव त्या केंद्राच्या नोंदणीत समाविष्ट करण्यासाठी समुचित प्राधिकाऱ्याकडे आधी लेखी कळवावे आणि पोच जपून ठेवावी. पुरुषाच्या किंवा गरोदर नसलेल्या स्त्रीच्या छातीसाठी एफ नमुना (या कायद्याखालील गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचा नोंद-अर्ज) भरावा लागत नाही. स्त्री गरोदर असेल, तर कलमाची भाषा पाहता कोणत्याही कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीची पूर्ण नोंद ठेवणे शहाणपणाचे आहे. तोपर्यंतचा मार्ग म्हणजे भेटीवर येणाऱ्या तज्ज्ञांच्या दिवशीच छातीचे रुग्ण बोलावणे, त्यांनी प्रोब धरणे आणि आपण त्याच खोलीत, त्याच खाटेवर पाणी काढणे. रुग्णालयाच्या अधीक्षकांशी बोलल्यास हे कोणत्याही नव्या खर्चाशिवाय जमू शकेल.

प्रश्नकर्ता: वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय (नंदुरबार जिल्हा)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तज्ज्ञांच्या भेटीच्या दिवशीच पाणी काढण्याचा प्रस्ताव मी अधीक्षकांपुढे मांडणार आहे. क्ष-किरणतज्ज्ञ मॅडमनी पडद्यांचा उल्लेख केला, त्यावरून आणखी एक शंका विचारतो. सध्या आमच्याकडे एक तरुण शेतमजूर आहे. एडीए आणि पेशींवरून क्षयरोगाचे निदान झाले, औषधे सुरू होऊन तीन आठवडे झाले, ताप गेला आहे, भूक वाढली आहे. मात्र ताज्या सोनोग्राफीत पाणी मध्यमच असून त्यात भरपूर पडदे दिसतात. घरचे लोक नळी टाकून सगळे साफ करून द्या, असे म्हणतात. शिवाय दिवाळीनंतर तो ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणार आहे.

उत्तर: छातीविकारतज्ज्ञ, धुळे

क्षयरोगाच्या पाण्यात पडदे होणे सामान्य आहे आणि केवळ पडदे दिसले म्हणून नळी टाकण्याचे कारण नाही. नळी लागते ती पाणी पुवासारखे असेल, त्याचा पीएच ७.२ च्या खाली गेला असेल, ग्लुकोज ६० मिलिग्रॅमच्या खाली असेल किंवा ताप उतरत नसेल तेव्हा. अशा जंतुसंसर्गाच्या पडद्यांसाठी नळीतून टीपीए आणि डीएनेज ही दोन औषधे एकत्र देण्याचा फायदा २०११ च्या एका चाचणीत दिसला होता, पण ती महाग आहेत आणि आपल्या या रुग्णाला त्यांची गरज नाही. ताप गेला आहे आणि भूक वाढली आहे, म्हणजे औषध लागू पडत आहे. पाणी त्यानंतर बऱ्याच उशिरा ओसरते आणि काहींमध्ये आवरणाची थोडी जाडी कायम राहते. स्टेरॉइडही सरसकट देऊ नयेत.

दम लागत नसेल, तर सुई घालू नका. त्याला दीर्घ श्वसनाचे व्यायाम शिकवा आणि औषधांचे दोन महिने पूर्ण होतील तेव्हा पुन्हा सोनोग्राफी करा. त्या वेळीही बाजू आक्रसलेली दिसली आणि चालताना दम लागत असेल, तर आमच्याकडे किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा, आवरण सोलण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार तेव्हा करता येईल. तो निघण्यापूर्वी निक्षयवरील (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) त्याचा क्रमांक कागदावर लिहून द्या आणि ज्या तालुक्यात तो तोडीला जाणार आहे तिथल्या क्षयरोग केंद्राकडे त्याची नोंद वर्ग करून घ्या, म्हणजे उरलेली औषधे त्याला तिथे मिळतील. मुकादमाचा मोबाइल क्रमांकही घेऊन ठेवा. तोडीच्या हंगामात रुग्णाचा स्वतःचा फोन बहुधा लागत नाही.